चोख करायचं तर आधी मिसळायचं

विट्याहून मायणीकडे निघालं की रस्त्याच्या कडेला कुसळांची माळरानं लागतात आणि मध्येच एखादं दुमजली घर. ग्रॅनाइटच्या पायऱ्या, पितळी कड्यांचं दार, आणि दाराला कुलूप. मालक त्रिशूरला असतो, कोईमतूरला असतो, नाहीतर कोलकात्याला. गावच्या जत्रेला कुलूप निघतं, चार दिवस अंगणात गाड्या उभ्या राहतात, तमिळ-मल्याळम मिसळलेलं मराठी बोलणारी पोरं गल्लीत खेळतात, मग पुन्हा कुलूप. परका माणूस विचारतो, "सराफ आहेत का?" गावकरी सांगतात, "न्हाय, गलाईवाले."

सांगली जिल्ह्यातले खानापूर, आटपाडी, कडेगाव, तासगाव, कवठेमहांकाळ आणि साताऱ्यातले खटाव, माण. सह्याद्रीनं पाऊस अडवून घेतल्यावर जे उरेल त्यावर जगणारा हा पट्टा. देशभरातल्या सराफ बाजारांच्या बोळांत सोनं-चांदी गाळून शुद्ध करून देणारी माणसं इथून गेली आहेत. मी याच भागात मुलांना रसायनशास्त्र शिकवतो. धातू आणि आम्लांचा धडा आला की वर्गातल्या कितीतरी मुलांनी तो आधीच डोळ्यांनी पाहिलेला असतो. पण त्यांच्या तोंडून, त्यांच्या घरांतून आणि बाजारात ज्या गोष्टी कानावर येतात, त्यांतल्या काही साफ चुकीच्या आहेत आणि एक-दोन तर जिवावर बेतणाऱ्या. त्यांच्याविषयी लिहायचं बरेच दिवस मनात होतं.

"गलाईवाला म्हणजे सोनारच की"

सोनार दागिना घडवतो. गलाईवाला घडलेलं मोडून धातूला त्याच्या मूळ रूपात आणतो. त्याच्याकडे सराफाची मोड येते, डाग दिलेले तुकडे येतात, आणि इतर लोक ज्याला सरळ कचरा म्हणतील तेही येतं: कारागिराच्या बैठकीखालची धूळ, पॉलिशच्या यंत्रातला भुसा, हात पुसलेली फडकी, फुटक्या मुशी, झिजलेल्या चटया, हात धुण्याच्या टाकीच्या तळाचा गाळ. अशा धुळीतून सोनं काढणाऱ्याला जुन्या मराठीत झारेकरी म्हणत. फडकी आणि कागद आधी जाळायचे, राख कुटून चाळायची, लोखंडाचा कीस चुंबकानं उचलायचा, मग पाण्यात खळबळून धुवायची. सोनं पाण्याच्या 19.3 पट जड, वाळू अडीच-पावणेतीन पट. हलकं वाहून जातं, जड तळाशी बसतं.

हे काम करणारी बहुतेक माणसं जातीनं सोनार नाहीत, शेतकऱ्यांची पोरं आहेत. रान पिकलं असतं तर ती रानातच राहिली असती. एक चुलता गेला, त्यानं पुतण्याला नेलं, पुतण्यानं मेव्हण्याला. 1972 च्या दुष्काळानं हा ओघ आणखी वाढवला. आमचे थोरले चुलते, तात्या, 31 वर्षं त्रिशूरच्या एका बोळात भट्टीपुढे बसले. त्यांच्या बोटांची टोकं पिवळी होती, ती नायट्रिक आम्लानं. त्यावर काळे डाग होते, ते चांदीच्या क्षाराचे. पुढे कॉलेजात दोन्ही अभिक्रिया शिकलो, तेव्हा मला पुस्तकाआधी ते हात आठवले.

हाताखालचा एखादा पोरगा "थोडं सोनं गेलं" म्हणाला की तात्या चिडत नसत. एवढंच म्हणत, "गेलं म्हणू नगंस. कुठं गेलं ते सांग."

"तेजाब टाकलं की सोनं विरघळून बाजूला होतं"

नेमकं उलटं होतं. बाजारात ज्याला तेजाब म्हणतात ते नायट्रिक आम्ल सोन्याला हात लावत नाही. ते तांबं खातं, चांदी खातं, जस्त खातं. सोनं मागे राहतं, कारण त्याला जायचंच नसतं.

मग 22 कॅरेटची अंगठी तेजाबात टाकली की झालं काम? मुलं हमखास "हो" म्हणतात. होत नाही. त्या अंगठीत शंभरातले जवळजवळ 92 भाग सोनं आहे. पृष्ठभागावरचं थोडं तांबं निघतं आणि आम्ल तिथंच अडतं, कारण आतली भेसळ चारी बाजूंनी सोन्याच्या अणूंनी वेढलेली असते. म्हणून सोनं चोख करायला बसलेला गलाईवाला आधी त्यात आणखी चांदी किंवा तांबं मिसळतो. ज्यांच्या घरी गलाई नाही ती मुलं हे ऐकून हसतात. ज्यांच्या घरी आहे ती गप्प बसून मान हलवतात.

फळ्यावर हिशेब मांडतो. अंगठी 10 ग्रॅमची, तिच्यात सोनं 9.16 ग्रॅम. मिश्रणात सोनं साधारण चौथा हिस्सा उरलं पाहिजे, म्हणजे एकूण वजन 36.6 ग्रॅम हवं. वरून घालायचे 26.6 ग्रॅम. हे सगळं मुशीत एकजीव करायचं, वितळलेला रस पाण्यात ओतून त्याचे दाणे पाडायचे आणि मग ते दाणे गरम नायट्रिकमध्ये. आता चांदीचे अणू एकमेकांना चिकटून आतपर्यंत सलग वाटा तयार झालेल्या असतात. आम्ल त्या वाटांनी थेट गाभ्यात शिरतं आणि सगळी भेसळ बाहेर काढतं. सोनं चौथाईपेक्षा फारच कमी ठेवलं तर सोन्याचा सांगाडा टिकत नाही, इतकी बारीक भुकटी होते की धुताना पाण्याबरोबर निसटते. हे प्रमाण मोजायला दुकानात कुणी सूत्र लिहीत नाही. कसोटीवर रेघ ओढून कस बघायचा, तराजूवर वजन घ्यायचं आणि तोंडी आकडा सांगायचा. मी कॅल्क्युलेटरवर ताडून पाहिलंय. फरक नगण्य असतो.

शुद्ध करण्यासाठी आधी कमी मोलाचं काहीतरी मिसळायचं, ही युक्ती आपल्याकडे फार जुनी आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात अशुद्ध सोनं चौपट शिशाबरोबर शुद्ध करावं असं सांगितलंय. तिथे आम्ल नाही, आग आहे. शिसं तापून त्याची राख होते आणि जाताना ते तांब्यासारखे कमी मोलाचे धातू सोबत घेऊन जातं. आग बदलून आम्ल आलं, तर्क जवळचाच राहिला.

तेजाबातून उरतं ते सोनं दिसायला सोन्यासारखं नसतं. तपकिरी, मातकट भुकटी. पहिल्यांदा बघणाऱ्याच्या पोटात गोळा येतो. ती गरम पाण्यानं पुन्हापुन्हा धुवायची, टाकणखार घालून मुशीत तापवायची. 1064 अंश सेल्सिअसला ती वितळते आणि रंग परत येतो.

सोनं विरघळवणारं आम्लही आहे: आम्लराज. तीन भाग हायड्रोक्लोरिक, एक भाग नायट्रिक. त्यात सोनं पिवळ्या द्रावणात जातं, चांदी क्लोराइड होऊन तळाशी बसते. मग हिराकस किंवा सोडियम मेटाबायसल्फाइट टाकलं की सोनं पुन्हा भुकटी होऊन खाली येतं. हे मिश्रण लागेल तेवढंच आणि लागेल तेव्हाच करायचं. उरलेलं बाटलीत घालून बूच घट्ट लावणाऱ्यानं दुकानात बाँब ठेवला असं समजावं, कारण त्यातून वायू निघतच राहतात.

"पाण्यात गेलेली चांदी गेली"

नायट्रिकच्या निळ्या-हिरव्या पाण्यात चांदी असते, फक्त दिसत नाही. त्यात तांब्याची पट्टी सोडली की तांबं विरघळू लागतं आणि पट्टीवर करडी-पांढरी चांदी लव फुटल्यासारखी उगवते. एक ग्रॅम तांबं साधारण 3.4 ग्रॅम चांदी बाहेर काढतं. नंतर त्या पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकून तांबंही परत मिळवता येतं. साधं मीठ टाकूनही चांदी क्लोराइडच्या रूपात खाली बसते. तो दह्यासारखा पांढरा साकळलेला क्षार उन्हात ठेवला की जांभळट काळा पडतो.

आम्लराजाच्या पाण्यात सोनं उरलंय का, हे स्टॅनस क्लोराइडचा, म्हणजे कथलाच्या क्षाराचा, एक थेंब सांगतो. जांभळी झाक आली की पाणी फेकायचं नाही. कथलाच्या क्षाराचं नावही तात्यांना माहीत नव्हतं. त्यांनी कधी पाणीच फेकलं नाही. पिंप भरून ठेवत आणि महिन्यानं पुन्हा उकळत.

"धुराची सवय होते. वर गूळ खायचा, दूध प्यायचं, उतरतो"

यावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे, कारण हा समज आमच्या घरातही होता.

नायट्रिक धातूवर पडलं की जो तांबूस-तपकिरी धूर उठतो तो नायट्रोजन डायऑक्साइड. हवेपेक्षा जड. बैठ्या दुकानात, जमिनीवर मांडी घालून काम करणाऱ्याच्या नाकापाशीच तो रेंगाळतो. अमोनिया किंवा हायड्रोक्लोरिकचा वायू नाकात गेला की माणूस ओरडून बाहेर पळतो, कारण ते वायू पाण्यात चटकन विरघळतात आणि नाक-घसा लगेच जळतो. नायट्रोजन डायऑक्साइड पाण्यात तितका सहज विरघळत नाही. नाकाला थोडंसं झोंबतं, डोळ्यांतून पाणी येतं, बस. तो वरच्या वाटेवर न थांबता फुप्फुसाच्या अगदी आतल्या पिशव्यांपर्यंत पोहोचतो आणि तिथं आम्ल तयार करतो.

आणि इजा लगेच कळत नाही. सकाळी भरपूर धूर गेला, दुपारी माणूस जेवला, गप्पा मारल्या, संध्याकाळी बरं वाटलं, आणि मध्यरात्री धाप लागली, असं होऊ शकतं. मधल्या कित्येक तासांत फुप्फुसात पाणी साठत असतं. मधलं बरं वाटणंच फसवं. म्हणून दाट धूर छातीत गेलेल्या माणसाला त्रास होत नसला तरी दवाखान्यात न्यायचं, डॉक्टरांना नायट्रिकचा धूर म्हणून स्पष्ट सांगायचं, आणि निदान ती रात्र देखरेखीखाली ठेवायचं.

गूळ आणि दूध पोटात जातं. धूर पोटात गेलेलाच नसतो. तोंडाला बांधलेला रुमाल, ओला असो की कोरडा, हा वायू अडवत नाही. धुळीसाठीचा साधा मास्कही नाही. "सवय होते" यातलं खरं एवढंच, की नाकाचं ऐकणं कमी होतं. फुप्फुसाला सवय होत नाही, ते झिजतं. रोजच्या थोड्या-थोड्या धुरानं होणारा खोकला, दम आणि दातांची झीज यांना आमच्या गावांत "गलाईचं दुखणं" म्हणून सोडून देतात.

पाऱ्याचंही असंच. धुळीतलं सोनं पाऱ्यानं धरून मग पारा तापवून उडवायचा, ही जुनी रीत. पारा 357 अंशांना उकळतो, पण साध्या खोलीच्या उबेतही त्याची वाफ होत राहते. त्या वाफेला वास नाही, रंग नाही, आणि ती मज्जासंस्थेत उतरते. हे काम मुलाबाळांच्या घरात, स्वयंपाकघराशेजारी कुठे चालू असेल तर ते आजच्या आज थांबवावं.

उपाय काही अवघड शास्त्र नाही. आम्लाचं भांडं बंदिस्त कपाटात, वर जोरदार खेचणारा पंखा, धूर कॉस्टिक सोड्याच्या पाण्यातून फिरवणारा मनोरा, मग उंच धुराडं. पातळ करायचं तर पाण्यात आम्ल ओतायचं, आम्लात पाणी कधीच नाही. डोळ्यांना चष्मा, आणि हातमोजे आम्लाला टिकणारे. याला पैसे लागतात हे खरं. पण तोळ्यातला गुंजभर फरक हुडकणारी माणसं आपण, स्वतःच्या छातीचा हिशेब ठेवायला आपल्याला काय हरकत आहे?

"गलाई म्हणजे चोरीचं सोनं जिरवायची जागा"

हा समज पोलीस ठाण्यांतही आहे आणि त्यानं अनेक घरं पोळली आहेत. परराज्यात एखादा चोर पकडला जातो, तो एखाद्या दुकानाकडे बोट दाखवतो आणि तेवढं सोनं "रिकव्हरी" म्हणून मागितलं जातं. गलाई व्यावसायिक ही तक्रार वर्षानुवर्षं मांडत आलेत.

कायदा काय म्हणतो ते नीट वाचावं. जुन्या भारतीय दंड संहितेचं कलम 411, आणि 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 317: चोरीचा माल आहे हे माहीत असताना, किंवा तसं मानायला सबळ कारण असताना, अप्रामाणिकपणे तो घेणं हा गुन्हा, शिक्षा तीन वर्षांपर्यंत. म्हणजे जाणीव किंवा तसं सबळ कारण सिद्ध व्हावं लागतं. गलाईवाल्याकडे येणारा बराचसा माल रोजच्या ओळखीच्या सराफांचा आणि कारागिरांचा असतो. आणि चोरीचा तुकडा खरंच आला, तर वितळलेल्या सोन्यावर मालकाचं नाव शिल्लक राहत नाही, हेही तितकंच खरं. म्हणून अनोळखी माणसाचं ओळखपत्र, वजनाची नोंद, मालाचा फोटो हे सगळं ठेवायलाच हवं. "आमच्यात तोंडी चालतं" हे बोलणं अभिमानाचं होतं, आता ते धोक्याचं आहे. जुन्या लोकांचं कागदाशी वैर का, तेही समजतं मला. 1963 साली सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले, 1968 ला कायदा झाला, तो 1990 मध्ये रद्द होईपर्यंत कागद म्हणजे छापा, हेच त्यांनी पाहिलं.

"जुने मोबाइल म्हणजे सोन्याची खाण. व्हिडिओ बघून घरीच काढता येतं"

हल्ली मुलं हे फार विचारतात. अर्धं खरं असल्यामुळे ते जास्त घातक आहे.

फोनच्या जोडणीच्या टोकांवर सोन्याचा मुलामा असतो, कारण सोनं गंजत नाही. नुसते फोन गोळा केले तर एका टनातून मिळणारं सोनं खाणीतल्या एका टन दगडापेक्षा कितीतरी पट भरतं. पण एका फोनमध्ये ते जेमतेम काही शतांश ग्रॅम. टोकियो ऑलिंपिकच्या पदकांसाठी जपाननं 2017 ते 2019 अशी दोन वर्षं लोकांकडून जुनी उपकरणं मागवली: 62 लाख मोबाइल आणि इतर छोटी यंत्रं मिळून 78,985 टन. त्यातून सोनं निघालं 32 किलो. म्हणजे टनामागे अर्ध्या ग्रॅमच्याही आत. उरलेलं बहुतेक सगळं प्लास्टिक, काच, लोखंड, तांबं, शिसं.

घरी करणारा माणूस ते उरलेलंच अंगावर घेतो. फोनमधले सर्किट बोर्ड जाळले की त्यांतल्या ब्रोमीनयुक्त अग्निरोधकांपासून डायऑक्सिनसारखी विषं सुटतात. आम्लात टाकले की आधी सगळं तांबं विरघळतं. चिमूटभर सोन्याच्या आशेनं पिंपभर विषारी पाणी तयार होतं आणि ते गटारात जातं. उत्तर प्रदेशातल्या मुरादाबादेत रामगंगेच्या काठी हेच घडलं. म्हणून ई-कचरा व्यवस्थापन नियम, 2022 प्रमाणे हे काम केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे नोंदणी केलेल्यांनीच करायचं आहे. हे नियम 1 एप्रिल 2023 पासून लागू आहेत.

पण माझं म्हणणं इथं संपत नाही. 2024 मध्ये ब्रिटनच्या रॉयल मिंटनं, म्हणजे तिथल्या सरकारी टांकसाळीनं, वेल्समधल्या लॅन्ट्रिसेंट इथं सर्किट बोर्डांमधून सोनं काढणारा कारखाना सुरू केला. भट्टीऐवजी साध्या तापमानाला चालणारी रसायनं, वर्षाला 4,000 टनांपर्यंत माल. आपल्याकडे हैदराबादची सी-मेट आणि जमशेदपूरची राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळा यांनी यावर काम केलं आहे. कस ओळखणारी नजर, प्रमाण मोजणारा हात आणि पाण्याचा थेंबही न फेकण्याची सवय ज्या दोन जिल्ह्यांत घरोघरी आहे, तिथं नोंदणीकृत, धुराची नीट सोय असलेला असा एक कारखाना उभा राहावा असं मला मनापासून वाटतं. कुलूप लावलेल्या घरांतली निदान काही माणसं तरी मग गावात राहतील.

"मोठ्या रिफायनऱ्या आल्या, गलाई संपली"

क्लोरीन वायू सोडून सोनं शुद्ध करण्याची मिलर पद्धत 1867 ची, विजेनं करण्याची वोलविलची 1874 ची. विजेच्या पद्धतीनं 99.99 टक्क्यांपर्यंत जाता येतं. चांगल्या गलाईत 99.5 ते 99.9. शंभर टक्के कुणाकडेच नसतं. मोठा कारखाना किलोंनी माल घेतो. बोळातल्या कारागिराची आठवड्याची धूळ, चार ग्रॅमची मोड, तासाभरात हवा असलेला निकाल हे काम त्याच्या मापात बसत नाही. आणि जुन्या सोन्याचा मालही कमी नाही: जागतिक सुवर्ण परिषदेच्या 2022 च्या अहवालानुसार भारतानं आदल्या वर्षी 75 टन जुनं सोनं पुन्हा वापरात आणलं, जगात चौथ्या क्रमांकानं.

माझा चुलतभाऊ आता तात्यांचं त्रिशूरचं दुकान सांभाळतो. गेल्या वर्षी त्यानं धूर धुणारा मनोरा बसवला. जत्रेला आला तेव्हा मोबाइलवर त्याचा व्हिडिओ घेऊन आला. तात्या ओसरीवर उशांना टेकून बसले होते. हल्ली चार पावलं चालली तरी त्यांना थांबावं लागतं. त्यांनी व्हिडिओ दोनदा पाहिला. धुराड्यातून काहीच बाहेर पडत नव्हतं.

"धूर कुठं गेला?"

"तात्या, त्यो सोड्याच्या पाण्यात जिरतो."

"मग त्या पाण्याचं काय करतोस?"

भाऊ माझ्याकडे बघायला लागला. मी वही ओढली आणि सोडियम नायट्राइट, सोडियम नायट्रेट असं लिहून, ते पाणी गटारात का सोडायचं नाही आणि अधिकृत प्रक्रिया केंद्राकडे कसं द्यायचं, ते दोघांना समजावायला बसलो.